गावाची दहा मिनिटं

१ डिसेंबर, सोमवार

ही खरं तर संख्याशास्त्राची वही. पहिल्या चार पानांवर सरासरी आहे, पाचव्यावर सरांचं नाक, पुढे सगळं कोरं. अठरा तारखेला याच विषयाची फेरपरीक्षा आहे. म्हणून आज वही काढली, पेन्सिलीला टोक केलं, टेबल पुसलं, पाणी प्यायले आणि हे लिहायला बसले. सरासरी काही कुठे पळून जात नाही.

नाताळच्या गाण्यांची तालीम आजपासून सुरू झाली. पहाटे सहाला! मेंढपाळ त्या वेळी जागे होते, पण ते त्यांचं कामच होतं. मला कशाची मेंढरं राखायचीत? आई चारलाच बेकरीत जाते. बाबा बोटीवर आहेत, मार्चमध्ये येतील. घरात उरलो मी आणि आजोबा, म्हणजे आईचे वडील. आजोबा मला उठवतात, पण कसं, तर प्रार्थना म्हटल्यासारखं हळू. "भिंगरी, ऊठ बाळा." त्या आवाजाने तर अजूनच छान झोप लागते.

धावत पोचले तेव्हा चर्चच्या मनोऱ्यावर सहावा ठोका पडून गेला होता, नुसती गुणगुण उरली होती हवेत. गाणी बसवणाऱ्या मास्तरांची पद्धत अशी, की तालमीच्या खोलीच्या दाराला हात लावून उभे राहतात आणि सहाव्या ठोक्याला दार लावतात. स्वतः घड्याळ वापरत नाहीत. मनगटाला घड्याळ बांधलं की ताल हातात राहत नाही म्हणे. मी दार वाजवलं. त्यांनी उघडलं आणि एक बोट वर केलं.

"एक."

"काय एक, मास्तर?"

"उशीर एक. तीन झाले की घरी बसून गायचं."

आणि यंदा मला चार ओळी एकटीने गायच्या आहेत. पहिल्यांदाच. सगळे गप्प, पेटी गप्प, नुसती मी. कुणाला बोलून दाखवलेलं नाही, पण रोज भांडी घासताना मी त्या चार ओळीच म्हणते, नळ मोठा सोडून.

३ डिसेंबर, बुधवार

"दोन."

माझा एक पाय दाराच्या आत होता, असा वाद घातला. मास्तर म्हणाले, "पायाने गाणार आहेस का?" सगळी खोली हसली. चिमणीसुद्धा. चिमणी माझी मैत्रीण, आवाज तेवढाच म्हणून नाव. माझ्या ओळी गेल्या तर तिलाच मिळणार, तरी बिचारी रोज पहाटे माझ्या खिडकीवर खडा मारते. आज खडा माझ्या स्वप्नात आला. मी पिठाच्या ढिगात झोपले होते, ऊबदार, वरून अजून पीठ पडत होतं, आवाज न करता. खडा येऊन उशाशी बसला. मी त्याला म्हटलं, पाच मिनिटांनी ये.

आठ ते एक कॉलेज. डोळे उघडे ठेवून झोपायची कला मला जमलीय. चारपासून बेकरीत. केकच्या डब्यांना आतून कागद लावायचा, रोज दीडशे डबे. आई म्हणते, कागदाला सुरकुती पडली की केकच्या कपाळाला आठी पडते. मग आठ वाजता घरी आणि अभ्यास. अभ्यास म्हणजे वहीवर गाल ठेवून पडणं. सकाळी गालावर रेघा उठतात, तेवढीच विद्या.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज मी एक काम केलंय. ते लिहून ठेवणं भाग आहे, कारण सांगायला कुणी नाही आणि पोटात राहत नाही.

पाच वाजता बेकरीतून "आलेच" म्हणून सटकले आणि मनोऱ्यात गेले, कबुतरांची घाण काढायला. मनोऱ्याचं घड्याळ आजोबांकडे आहे, चाळीस वर्षं. दर शनिवारी एकशे बारा पायऱ्या चढायच्या आणि चावी द्यायची. गुडघा दुखतो म्हणून झाडलोट माझ्याकडे आली.

वर गेलं की खालचं सगळं पुसून जातं. घड्याळ म्हणजे लोखंडी पलंगाएवढं धूड, दातेरी चाकं, खाली विहिरीसारख्या पोकळीत लोंबणारी वजनं. लंबक इतका सावकाश जातो येतो की माझी पापणी त्याच्याबरोबर जायला लागते. मोठ्या तबकडीच्या काचेतून दुधासारखा उजेड येतो आणि आकडे उलटे दिसतात. मी गोणपाटावर टेकले. वेळेच्या पोटात बसल्यासारखं वाटतं तिथे. बाहेर वेळ चालते आणि आत नुसता तिचा श्वास.

यंत्राला आतून एक बशीएवढी तबकडी आहे. तिच्यामागे कानासारखा स्क्रू. तो सैल केला की काटे सुटे होतात. आतले फिरवले की बाहेरचेही फिरतात. मी सात वर्षांची असताना आजोबांनी दाखवलं होतं आणि सांगितलं होतं, "याला कधी हात लावायचा नाही." असं सांगितल्यावर माणसाने काय करायचं?

सव्वापाच झाले होते. मी पाच वाजून पाच केले. स्क्रू घट्ट.

दहा मिनिटं. कुणाचं काय गेलं? उलट सगळ्या गावाला दहा मिनिटं फुकट मिळाली. माझ्याकडून नाताळची भेट समजा.

६ डिसेंबर, शनिवार

जमलं!! चौथ्या ठोक्याला केस विंचरत आत गेले. बाकी सगळे आपापल्या घड्याळाने येऊन दहा मिनिटं थंडीत कुडकुडत होते. मास्तर खूश. "आज सगळे वेळेआधी! नाताळ जवळ आला की माणसं सुधारतात." चिमणीचं नाक लाल झालं होतं. ती म्हणाली, "आमचं घड्याळ पुढे जातंय बहुतेक." मी म्हटलं, "दाखवून घे कुणाला तरी."

आई काल जेवलीच नाही. चाळीस केक करपले तिच्या हातून, वीस वर्षांत पहिल्यांदा. बेकरीतलं भिंतीवरचं घड्याळ पीठ खाऊन खाऊन कधीच मेलंय. आई मनोऱ्याचे ठोके ऐकते. पाचच्या ठोक्याला भट्टीत, सहाच्या ठोक्याला बाहेर, कधी चुकत नाही तिचं. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, लक्ष कुठे असतं?" थकली असेल. मी चहा करून दिला, साखर जास्त घातली.

आजोबा दुपारी चावी द्यायला गेले ते उशिरा आले.

"दहा मिनिटं मागे होतं," ते म्हणाले. मला नाही, कपाला.

"थंडीने लोखंड आक्रसतं, आजोबा."

"चाळीस थंड्या काढल्या त्याने." मग आपली घड्याळाची नोंदवही काढून बराच वेळ तशीच उघडी ठेवून बसले. काटे पुढे करून आलेत म्हणे. हरकत नाही. जिना काही लांब नाही.

८ डिसेंबर, सोमवार

काल संध्याकाळी परत दहा. आज सहाव्या ठोक्याला मी खुर्चीत. मास्तरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मास्तरांची मान हलणं म्हणजे दुसऱ्या कुणी उचलून नाचणं.

माझ्या ओळी नीट गेल्या. तिसऱ्या ओळीत सूर वर चढतो तिथे मला नेहमी लंबक दिसतो. त्या टोकाला जाऊन जरासा थांबतो ना, तसं थांबायचं. आणि मग परत.

११ डिसेंबर, गुरुवार

आजोबा आता रोज वर जातात. एकच्या बातम्यांआधी रेडिओवर टूं टूं वाजतं, त्यावर आपलं घड्याळ मिळवतात आणि निघतात, गुडघा धरून. ते काटे पुढे करतात, मी संध्याकाळी मागे. गाव झोपाळ्यावर बसलंय आणि कुणालाच पत्ता नाही. रात्री गादीवर पडले की मलाही हलल्यासारखं वाटतं. मस्त वाटतं.

दुपारच्या घाण्यातले केक कच्चे निघाले. मधे बोट घातलं तर लापशी. आई घरी येऊन हात धूत राहिली, धूत राहिली. म्हणाली, "माझा हात गेला." हात कुठे जातो? आजोबांचंही तसंच. आज चहा कपाच्या शेजारी ओतला आणि मला म्हणाले, "पेपर वाचून दाखव, मला कंटाळा आलाय." माझा आळस त्यांना लागला, उलटा वारसा. या घरात सगळ्यांना थंडीच बाधलीय.

१३ डिसेंबर, शनिवार

गावात आता दोन वेळा झाल्यात, मनोऱ्याची आणि मनगटाची. न्हावी म्हणतो मनोऱ्याची खरी, पोस्टमन म्हणतो मनगटाची. दोघांचं भांडण झालं आणि एका गिऱ्हाईकाची अर्धीच दाढी राहिली. मी पोट धरून हसले. चिमणी हसली नाही. "तुझ्या आजोबांना बोलतात गं लोक," म्हणाली. बोलू देत. लोकांना काय, तोंड आहे.

१४ डिसेंबर, रविवार

झोपले. दिवसभर. स्वप्नात सगळं गाव झोपलं होतं आणि मी एकटी त्यांच्या अंगावर पांघरुणं घालत फिरत होते.

१८ डिसेंबर, गुरुवार

पेपर दहाचा होता. तालमीनंतर घरी येऊन जरा लवंडले, पण मी मूर्ख नाही. मनोरा दहा मिनिटं मागे आहे हे धरूनच निघाले. कॉलेजच्या फाटकातून वर बघितलं तेव्हा तो नऊ सत्तेचाळीस दाखवत होता. म्हणजे खरे नऊ सत्तावन्न. तीन मिनिटं हातात! जिना चढताना शीळसुद्धा घातली.

दार बंद.

दारात संख्याशास्त्राचे सर. त्यांचं मनगट माझ्यासमोर धरलं. दहा वाजून एक.

"सर, नऊ सत्तावन्न झालेत!"

"कुणी सांगितलं?"

"मनोऱ्या..."

"तुझे आजोबाच लावतात ना ते?" सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "सांग त्यांना, पुरे करा म्हणावं आता. वयाचं काही वाटून घ्यायचं नसतं. माझ्याही वडिलांचं शेवटी असंच झालं होतं."

मी बाहेरच्या बाकावर बसले. आत सगळे लिहीत होते, पानं उलटल्याचा आवाज येत होता. माझी चार मिनिटं कुठे गेली ते कळेना. मी दहाच चोरली होती. पण खरं सांगायचं तर पेपरचं मी फार वेळ बघितलंच नाही. "शेवटी असंच झालं होतं" हेच ऐकू येत राहिलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

फादरना सांगितलं. सगळं.

ते वेदीमागच्या खोलीत गव्हाणीच्या मूर्ती पेंढ्यातून काढत होते. एका मेंढपाळाचं नाक तुटलंय, ते चिकटवत होते. मी एका दमात बोलले. त्यांनी नाकावरचा अंगठा न काढता सगळं ऐकलं आणि हसले.

"आजोबांवर जीव आहे तुझा."

"फादर, मी केलं ते! माझ्या हाताने!"

"गेल्या वर्षी गव्हाणीतल्या गाढवाला माझा चष्मा कुणी घातला, तेव्हा तू म्हणालीस मी नाही."

"तेव्हा खोटं बोलले होते! आता खरं बोलतेय."

"काल त्यांच्याबद्दल चर्चच्या समितीत बोलणं झालं आणि आज तू आलीस. मी काय दूधखुळा आहे? स्वतःवर ओढून घेतेस, मन चांगलं आहे तुझं. पण खोटं ते खोटंच. जा, देवाची क्षमा माग आणि घरी जा."

म्हणजे गाढवाच्या वेळी खोटं बोलले तर सुटले, आणि आज खरं बोलले तर क्षमा मागायला लावली. मी गुडघे टेकले, पण काय मागायचं तेच कळेना.

समितीचं असं ठरलंय, की नवीन वर्षात शहरातून माणूस येणार, विजेची मोटर बसवणार. आजोबांना आता त्रास नको म्हणे.

२० डिसेंबर, शनिवार

शनिवार होता. आजोबा चावी द्यायला निघाले असं मला वाटलं. पण स्वेटर घालून, केस विंचरून, मनोऱ्याच्या किल्ल्या फादरना देऊन आले. येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. रेडिओवर एकचे टोले वाजले तरी कूस बदलली नाही.

घड्याळाला चावी फादरच्या माळ्याने दिली. ठोके पडले ते मला वेगळेच वाटले. ठोके तेच असतात, मला माहीत आहे.

मनोऱ्याकडे आज गेले नाही. उशीर झाला तर झाला.

२१ डिसेंबर, रविवार

दुपारी त्यांच्या पलंगाशी बसले.

"आजोबा, ते मी करत होते."

"फादर म्हणाले होते, तू असं म्हणशील." भिंतीकडेच तोंड.

म्हणून ही वही आणली. उशाशी ठेवली. "यात आहे सगळं. तारखेसकट."

त्यांनी वही हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. "तुझं अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारखं. तूच वाच."

स्वतःची दैनंदिनी मोठ्याने वाचणं म्हणजे बाजारात आंघोळ करणं. पण वाचली. मास्तर, खडा, स्क्रू, सगळं. चहा कपाच्या शेजारी ओतला तेही वाचलं, उलटा वारसा तेही. गाळलं नाही. करपलेल्या केकांपाशी आले. पाचच्या ठोक्याला भट्टीत, सहाच्या ठोक्याला बाहेर. आणि माझाच आवाज मला ऐकू आला. मी सव्वापाचला काटे मागे नेले होते. केक भट्टीतच होते. सत्तर मिनिटं राहिले ते आत. आणि आजोबा दुपारी काटे पुढे करायचे तेव्हाचे कच्चे.

हे मी स्वतः लिहिलं होतं. पंधरा दिवस या वहीत पडून होतं आणि मला दिसलं नाही.

वर बघितलं तर दारात आई. बेकरीला सुट्टी होती, भाजी निवडता निवडता आली असावी. हातात सुरी तशीच.

"माझा हात गेला म्हणून मी मालकांना सांगणार होते, नाताळनंतर येत नाही म्हणून," ती म्हणाली.

मी वही मिटली.

"दहा मिनिटं झोपेसाठी अख्खं गाव मागे ओढलंस. एवढी ताकद अभ्यासाला लावली असतीस, तर आज कलेक्टर झाली असतीस." आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, खूप मोठा, मग बंद झाला. मग नाक ओढल्याचा.

आजोबांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. जवळ जाऊन बघितलं तर हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी.

"म्हणजे वेडा नाही झालो मी," ते म्हणाले. "मला वाटलं, डोकं गेलं. रात्री पडल्या पडल्या पाढे म्हणून बघायचो, येतात का."

मग म्हणाले, "आता माझी वही वाच."

त्यांची नोंदवही मी कधी आतून बघितली नव्हती. चाळीस वर्षांची अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी सरळ. आणि या महिन्याची? एक ओळ दुसरीच्या अंगावर चढलेली, आकडे रेघेच्या खाली घसरलेले. नऊ तारीख, बारा मिनिटे मागे. तेरा तारीख, तेरा मागे. अठरा तारीख, चौदा मागे.

"मी दर वेळी दहाच केली होती," मी म्हटलं. "शपथ. वरची कुठली?"

"ती माझी."

खोलीत ऊन होतं, उन्हात धूळ तरंगत होती.

"काटा दिसत नाही मला नीट. दोन वर्षं झाली. तोपर्यंत काही अडलं नाही. ते घड्याळ आपलं आपण चालायचं, मी नुसती चावी द्यायचो. हात लावायची वेळच येत नव्हती. तू मागे केलंस आणि मला ते लावावं लागलं. किती मागे ते ठोक्यावरून कळायचं, पण काटे अंदाजाने लावायचो," ते म्हणाले. "वेडा नाही, पण आंधळा होतोय, भिंगरी. आईला सांगू नकोस एवढ्यात."

आत भांडी गप्प होती. आईला सांगायची गरज नव्हती.

परीक्षेची ती चार मिनिटं आजोबांची होती. त्यांना हे कळलं असणार, अठरा तारखेचं मी वाचलंच होतं. मी त्यांचा हात धरून बसले. मग ते झोपले, मीही त्यांच्या पायाशी झोपले. स्वप्न पडलं नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

आजोबा आणि मी, दोन वह्या घेऊन फादरकडे. फादरनी दोन्ही समोरासमोर ठेवून तारखा जुळवल्या. वाचता वाचता एकदा भुवया वर गेल्या.

"गाढवाचा चष्मा तूच?"

"हो, फादर."

आजोबांनी स्वतःच सांगितलं, डोळ्यांचं. उभे राहून, एका वाक्यात. मग म्हणाले, "घड्याळ ठणठणीत आहे. त्याला मोटर नको, डोळे हवेत. माझ्या घरात एक जोडी आहे. तिने ते बिघडवलं म्हणजे तिला ते येतं."

फादरनी दोन्ही वह्या मिटल्या. मग खणातून किल्ल्या काढल्या. "ईस्टरपर्यंत बघू. समितीशी मी बोलतो. आणि कबुतरांची घाण रोज काढायची, आठवड्यातून एकदा नाही." किल्ल्या आजोबांच्या हातात दिल्या. आजोबांनी माझ्या. थंड होत्या, आणि वाटल्या त्यापेक्षा जड.

मास्तर सोपे नव्हते.

"खरी वेळ धरली, तर पाच तारखेनंतर तुझे उशीर किती?"

मी मोजलं. "तेरा, मास्तर. पहिले दोन धरून पंधरा."

"येतं की संख्याशास्त्र." मग चिमणीकडे वळले. "चार ओळी तुझ्या."

चिमणी तिथेच रडली, "मला नकोत" म्हणून. मी नाही रडले. मी तिला तिसऱ्या ओळीत कुठे थांबायचं ते सांगितलं. मग किल्ल्या घेऊन वर गेले, माझी दहा मिनिटं पुढे केली आणि तिथे रडले, कबुतरांसमोर.

बेकरीच्या मालकांना मी एकटीने जाऊन सांगितलं. ते खूप ओरडले. बरं वाटलं. आईला काय म्हणाले माहीत नाही, पण संध्याकाळी तिने मला दीडशेच्या जागी तीनशे डबे दिले, आणि एका कागदाची सुरकुती स्वतःच्या हाताने सरळ करून दाखवली.

२४ डिसेंबर, बुधवार

आजोबांना पायऱ्या बंद. मग घड्याळ मिळवायचं कसं? रेडिओ खाली, काटे वर, मधे एकशे बारा पायऱ्या. मी म्हटलं, ओरडा. ते म्हणाले, "चर्चमध्ये?"

शेवटी दोरी. वजनांच्या पोकळीच्या कडेने सोडली. खालचं टोक आजोबांच्या हातात, ते स्टुलावर रेडिओ मांडीवर घेऊन. वरचं टोक माझ्या मनगटाला. काटे एकवर धरून, स्क्रू सैल ठेवून मी उभी. टूं टूं वाजलं की ते ओढणार.

वाट बघत उभी होते. काचेवर धुकं, लंबक जातोय येतोय, खालून रेडिओचं गाणं अगदी बारीक येत होतं, पाण्याखालून आल्यासारखं. दोरी सैल होती तरी तिच्यातून काहीतरी कळत होतं. आजोबांचा श्वास असेल. नाहीतर माझाच. आणि मग मनगटाला हळूच ओढ लागली. "भिंगरी, ऊठ बाळा" म्हणतात ना, तशी. मी स्क्रू घट्ट केला.

खाली आले तर म्हणाले, "लागलं?"

"लागलं."

"किती मागे होतं?"

"तीन मिनिटं." तीनच होतं. त्यांनी ते मला त्यांच्या वहीत लिहायला सांगितलं. मी सरळ ओळीत लिहिलं. तीनदा खोडून.

२५ डिसेंबर, गुरुवार

पहाटे कुणी न उठवता उठले. आई भट्टीवर गेली होती, टेबलावर माझ्यासाठी केकचा तुकडा झाकून ठेवला होता. मधे बोट घालून बघितलं. नीट भाजलेला.

नाताळची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, सातला. पावणेसातपासून मी वर होते. कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट होतं आणि ठोक्याचा हातोडा अडखळतो, तेव्हा कुणीतरी जवळ असावं, असं आजोबांनी सांगितलं होतं. तबकडीच्या काचेला एका जागी टवका गेलाय, त्यातून खाली बघितलं. धुक्यातून लोक येत होते, कंदील हातात, मुलं खांद्यावर. मनोऱ्याखाली आलं की प्रत्येक जण मान वर करायचा. वर करायचा आणि मनगट बघायचा. मी काचेच्या मागे, सगळे तोंड वर करून माझ्याकडेच बघतायत. एरवी मी जीभ काढली असती. आज उभी राहिले, हात मागे बांधून.

सात वाजले. हातोडा अडखळला नाही. सातव्यानंतर गुणगुण पायातून चढली, आणि ती ओसरली तशी खालून गाणी यायला लागली. लाकडी फरशीतून येताना शब्द मागेच राहतात, नुसता सूर येतो. माझ्या, म्हणजे चिमणीच्या ओळी आल्या तेव्हा सगळं शांत झालं. तिचा आवाज चिमणीएवढाच, पण आज तो चढला. तिसऱ्या ओळीत ती तिथे थांबली. मी ओठ हलवत होते. आवाज काढला नाही. कबुतरंसुद्धा गप्प होती, किंवा झोपली असतील.

मिस्सा संपल्यावर खाली आले तर अंगणात आजोबा लोकांच्या मधे, आईच्या दंडाला धरून. संख्याशास्त्राचे सर नमस्कार करायला पुढे आले. मला बघून जरा हसले. "एप्रिलमध्ये भेटूच परीक्षेला." मग आजोबांना म्हणाले, "काय, आज मनोरा बरोबर का?"

"ते आता माझ्याकडे नाही," आजोबा म्हणाले. "तिला विचारा."

सर माझ्याकडे वळले. "बोला बाई. किती वाजले?"

उत्तर जिभेवर होतंच, नेहमीसारखं. पण मी वळले, मान वर करून धुक्यात काटे दिसेपर्यंत थांबले, आणि मग सांगितलं.

"आठ वाजून चार मिनिटं, सर."

त्यांनी मनगट बघितलं. मग बाही परत खाली केली.